दुमडलेले आरसे

९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

फोनवर तुला काही सांगायला गेलं की तू "हो हो, बरं बरं" करतोस आणि लगेच "जेवलीस का" विचारतोस. शिवाय आपल्या दोन खोल्यांत फोनवरचं बोलणं आईपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना ऐकू जातं. पत्राला असं मधेच गप्प करता येत नाही, म्हणून हे पत्र.

ऑफिस चांगलं आहे. 'वाहतूक सुरक्षा विभाग' असं भारदस्त नाव आणि एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर चार टेबलं. सकाळी पादचारी पुलावर उभं राहून खालच्या गाड्या बघायच्या आणि दुपारी त्यावर लिहायचं. वरून रस्ता निराळाच दिसतो, दादा. गाड्यांच्या दोन रांगांमधून मोटारसायकली घुसत जातात तेव्हा कुणीतरी शिवण उसवत चाललंय असं वाटतं. पूर्वी आपणही असेच दिसत असू.

साहेबांनी दुचाकीवाल्यांसाठी एक पुस्तिका लिहायचं काम मला दिलंय. मला! आईला सांग, पण गल्लीभर सांगत फिरू नको म्हणावं. मी लिहिलंय की फटीतून जायचंच असेल तर आजूबाजूच्या गाड्या थांबलेल्या किंवा रांगत असतानाच जा, आणि त्यांच्यापेक्षा जेमतेम जास्त वेगाने. बस आणि फुटपाथच्या मधून कधीच नको. शेजारच्या गाडीचा इंडिकेटर बघू नका, पुढचं चाक बघा, कारण इंडिकेटर लावायला लोक विसरतात, चाक वळवल्याशिवाय गाडी वळत नाही. आणि पुढे रिकामी जागा दिसली की ती शेजारच्यालाही दिसली आहे असं धरून चाला.

मग लिहिलं, 'आरसे कायम उघडे ठेवा', आणि पेन थांबलं. कॉलेजची सगळी वर्षं तू फटीत मावावं म्हणून दोन्ही आरसे आत दुमडायचास आणि मागचं बघायचं काम माझ्याकडे असायचं. उजवीकडून काही येत असेल तर तुझ्या उजव्या खांद्यावर बोटं, डावीकडून तर डाव्या. बोटं टेकली नाहीत तर रस्ता मोकळा. तू मला आरसाबाई म्हणायचास आणि मला त्याचा कोण अभिमान!

आता मागे वहिनी बसते. तिला ही खूण शिकवू नकोस. माणूस म्हणजे आरसा नव्हे. तिची मान अवघडेल, शिंक येईल, तिचं लक्ष दुकानाच्या पाटीकडे जाईल. आपलं नशीब बरं होतं, एवढंच. खूण विसर आणि आरसे उघड. कबूल?

तुझी,
धाकटी

१८ फेब्रुवारी

आरसाबाई,

पत्र मिळालं. पत्र कसलं, परिपत्रकच. आईने दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "हिला तिथे चहा तरी मिळतो का?"

माझं काम तुला माहीत आहे. लॅबमध्ये कवळ्या तयार होतात आणि मी त्या दातांच्या डॉक्टरांकडे पोचवतो. तिकडे म्हातारा खुर्चीत आ वासून बसलेला, त्याचे दात माझ्या डब्यात, आणि मी एका ट्रकच्या मागे उभा राहून तुझी पुस्तिका पाठ करतोय, असं कसं चालेल? लॅबवाले काका म्हणतात, "उशीर झाला तर डॉक्टर मला खातील, आणि त्यांना दात आहेत."

तुझा शब्द राखलाय. हिला खूण शिकवली नाही. तशीही ही मागे बसली की डोळे मिटून घेते. म्हणते, "तुम्ही बघताय ना, मग मी कशाला बघू?" दिवसभर पार्लरमध्ये उभी राहून लोकांचे केस कापते, संध्याकाळी डोळे मिटले तर मिटू दे. मला ऐकून जरा बरंच वाटलं. नवीन नवीन आहे.

आरसे एक दिवस उघडले होते. एका गाडीच्या आरशाला घासले, त्याने माझ्या सात पिढ्या काढल्या. परत दुमडले. पण हळू जातो, शपथ.

गंमत सांगू? खांद्याला अजून तुझी सवय आहे. परवा एकटाच होतो. फट बदलताना क्षणभर थांबलो, तुझी बोटं येतात का म्हणून. आली नाहीत, मग गेलो. पुढे गेल्यावर स्वतःचंच हसू आलं.

तुझा,
दादा

२ मार्च

प्रिय दादा,

खांद्याचं वाचून माझे डोळे भरून आले. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला तेवढं वाचून दाखवलं. ती म्हणाली, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. मी म्हटलं, लागतंच.

पुस्तिका छापायला गेली. साहेबांनी एकच शब्द बदलला. माझं नाव कुठेच नसणार, पण तुला कळेल कुठल्या वाक्यात मी आहे ते.

आरशांचं मात्र मी सोडणार नाही. पुढच्या पत्रात भांडते, आज वेळ नाही.

धाकटी

२९ मार्च

दादा,

आईने आज सांगितलं. आठवड्याने! "नवी नोकरी, उगाच धावत आली असतीस" म्हणे. वहिनीच्या पायात सळई घातली आणि मी इथे पुलावर उभी राहून अनोळखी लोकांच्या गाड्या मोजत होते. तुला फक्त खरचटलंय, हेही आईनेच सांगितलं. तू फोन घेत नाहीस.

आई म्हणते, वहिनी पिशवी सावरायला सीटवर हलली म्हणून तोल गेला. नव्या माणसाला मागे बसायची सवय नसते, म्हणते. आणि मागून व्हॅन आली. मला यावर विश्वास बसत नाही. तू ओल्या वाळूवर मला आणि गॅसच्या टाकीला घेऊन गाडी सांभाळलेली आहेस. मागे कुणी पिशवी सावरली म्हणून तुझा तोल जाणार नाही.

एकच विचारते आणि त्याचंच उत्तर हवंय. आरसे उघडे होते का?

मी शनिवारी निघते.

धाकटी

६ एप्रिल

धाकटे,

शनिवारी आली नाहीस ते माझ्यामुळे. मीच आईला सांगायला लावलं की इथे माणसांची गर्दी आहे, झोपायला जागा नाही. तू आलीस की माझं तोंड वाचणार, आणि मग ही तुझं तोंड वाचणार. हिचं कामच ते आहे. दिवसभर आरशात लोकांची तोंडं बघत असते.

आरसे उघडे नव्हते.

आम्ही फटीत होतो. डावीकडची रांग थांबलेली, उजवीकडची सुटून धावायला लागली होती. पुढे एक बस आडवी व्हायला लागली म्हणून मला उजव्या रांगेत शिरायचं होतं. मी थांबलो. जसा थांबतो तसा. खांद्यावर काही आलं नाही. म्हणून शिरलो. व्हॅन मागून वेगात होती, तिच्यापुढे सगळा रस्ता मोकळा होता. तिने मागचं चाक उडवलं आणि हिचा पाय मधे सापडला.

कळलं ना तुला? मी हिची वाट नाही बघितली. तुझी बघितली. त्या क्षणी मागे कोण आहे हे मला आठवलंच नाही. आणि ही बिचारी डोळे मिटून बसली होती, कारण मी बघतोय.

डबा फुटला. रस्त्यावर सगळीकडे दात. लोकांना वाटलं आमचेच पडले. एक बाई ते वेचून माझ्या हातात देत होती आणि म्हणत होती, "डॉक्टर बसवून देतील परत, घाबरू नका." ही पडल्या पडल्या हसली, आणि मग ओरडायला लागली.

आईने हलल्याची गोष्ट स्वतःच जुळवली. मी ती खोडून काढली नाही. आधी हॉस्पिटलची पळापळ होती, मग बोलायचं राहून गेलं, आणि आता बोललो तर इतके दिवस का गप्प होतो हेही सांगावं लागेल. तिला सांगू नकोस. मी सांगेन. थोडी उभी राहू दे.

दादा

१४ एप्रिल

प्रिय ताई,

तुम्हाला मी पहिल्यांदाच लिहितेय. अक्षराला हसू नका, मला कात्रीची सवय, पेनची नाही.

पाय बरा होतोय. डॉक्टर म्हणतात, चालता येईल, पण तासन्‌तास उभं राहणं आता वर्षभर विसरा. आमच्या कामात उभं राहण्यावाचून दुसरं आहेच काय? पार्लरच्या बाईंनी माझी खुर्ची दुसरीला दिली. त्यांचंही बरोबर आहे, गिऱ्हाईक थांबत नाही.

मी लिहायला बसले ते वेगळ्याच कारणासाठी. सगळे म्हणतात मी हलले. सासूबाई मायेनेच म्हणतात, "होतं असं, नवीन आहेस." तुमचे दादा काहीच म्हणत नाहीत. मला पाणी देतात, उशी देतात, पायाकडे बघतात आणि गप्प. रागावले असते तर मी भांडले असते. गप्प माणसाशी कसं भांडायचं?

मला आठवतं ते एवढंच की पिशवीचा पट्टा खांद्यावरून घसरत होता, तो मी वर ओढला. त्यानंतरचं आठवत नाही. तेवढ्यानेच झालं का, ताई?

तुम्ही तर कॉलेजची सगळी वर्षं त्यांच्या मागे बसलात. कधी साधं खरचटलं नाही, हे सासूबाई रोज सांगतात. तुम्ही कशा बसायचात? मला शिकवा. मला परत त्या गाडीवर बसायचंय. पण आधी कळलं पाहिजे की मी काय चुकले.

तुमची,
वहिनी

२१ एप्रिल

प्रिय वहिनी,

मला 'तू' म्हण. आणि अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे तुझं.

विशेष काही नाही गं. मी सीटच्या मागची कडी धरायचे, पाय पायदानावर घट्ट ठेवायचे, वळताना चालवणाऱ्याबरोबरच झुकायचे आणि एरवी हलायचे नाही. सवयीने येतं. सोबत आमची पुस्तिका पाठवतेय, ताजी छापलेली. नवव्या पानावर मागे बसणाऱ्यांसाठी लिहिलंय, तेवढं वाच.

तू मनाला लावून घेऊ नकोस. अपघाताला एकच कारण कधी नसतं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. बरी हो. तुझ्यासारखी हात चालणारी बाई फार दिवस रिकामी राहणार नाही. मी लवकरच येते.

तुझी,
धाकटी

३० मे

धाकटे,

ही तिच्या आईकडे गेली. तीन आठवडे झाले. आम्हाला म्हणाली, जिना चढवत नाही. आपल्या घराला जिना आहे कुठे? तीन पायऱ्या. तिच्या आईचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे.

जायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, रिक्षा बोलावतो. ती म्हणाली, "हो, माझ्याबरोबर गाडीवर नकोच." 'माझ्याबरोबर' म्हणाली. जणू तीच चालवत होती.

तू तिला काय लिहिलंस? तुझी पुस्तिका उशाखाली सापडली. नववं पान. 'मागे बसणाऱ्याने चालत्या वाहनावर हालचाल करू नये.' त्या ओळीखाली पेनने नाही, नखाने रेघ ओढली आहे. इतकी जोरात, की मागच्या पानावर उठली आहे. मी ते पान घेऊन बसलो. आईने विचारलं काय वाचतोस, मी म्हटलं नियम.

आरसे उघडलेत. आता रांगेतच उभा राहतो. कवळ्या उशिरा पोचतात, काका करवादतात, पण काढून टाकत नाहीत. त्यांनाही दातांचा सडा आठवत असेल.

दर रविवारी जातो तिच्याकडे. जाताना रस्ताभर वाक्य जुळवतो. दार उघडलं की ती विचारते, "रस्त्यात गर्दी होती का?" आणि मी म्हणतो, होती. मग आम्ही गर्दीबद्दल बोलतो.

तू सांग तिला. नको, तू नको. मीच सांगायला हवं. पण मला जमत नाही गं.

दादा

५ जून

प्रिय वहिनी,

माझं मागचं पत्र फाडून टाक. पुस्तिकाही फाड, निदान नववं पान तरी.

तू विचारलं होतंस, तुम्ही कशा बसायचात. मी खोटं लिहिलं. मी कडी धरून गुपचूप कधीच बसले नाही. मी सारखी हलत असे. सगळा रस्ता मागे वळून बघायचे, कारण दादाचे आरसे दुमडलेले असायचे आणि मागचं बघायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. गाडी येत असेल तर मी त्याच्या खांद्यावर बोटं टेकायचे. टेकली नाहीत की तो जायचा. आम्हाला तो खेळ वाटायचा.

त्या दिवशी तो थांबला, खांद्यावर काही आलं नाही आणि तो गेला. तू पट्टा ओढलास म्हणून काही झालं नाही. तू दगडासारखी बसली असतीस तरी ती व्हॅन आलीच असती. तुझ्या हलण्याचा त्याच्याशी संबंधच नव्हता, वहिनी. मागे तू आहेस हे त्याच्या डोक्याला माहीत होतं, खांद्याला नव्हतं.

आणि तुला खूण शिकवू नकोस, असं त्याला मीच फेब्रुवारीत लिहिलं होतं. आरसे उघड आणि खूण विसर. त्यातलं सोपं तेवढं त्याने केलं. तुला शिकवली नाही, पण स्वतः विसरला नाही. त्याने मला तसं लिहिलंही होतं, की एकटा असताना खांदा वाट बघतो. ज्या बाईला लोकांना सावध करायचा पगार मिळतो, तिने ते वाचलं आणि मैत्रिणीला कौतुकाने दाखवलं.

तो सांगेल म्हणून मी गप्प होते. मला वाटलं, भावाचं झाकतेय. झाकायला पांघरूण मात्र मी तुझ्या अंगावरचं ओढून घेतलं. तू शिकव म्हणालीस आणि मी तुलाच दोषी ठरवणारं पान पोस्टाने पाठवलं.

पुस्तिका परत छापायची आहे. नववं पान मी पुन्हा लिहिलंय. त्यात पहिली ओळ अशी आहे, की मागे घरातलं माणूस बसलं असलं तरी तेही बघतंय असं धरून चालू नका, बघणं चालवणाऱ्याचं काम आहे. साहेब म्हणाले, हे फार घरगुती वाटतं. मी म्हटलं, आहेच.

मला माफ कर असं लिहिणार होते, पण त्याचं उत्तर देण्याचं ओझंही तुझ्यावरच पडेल. नको देऊस.

धाकटी

२ जुलै

प्रिय धाकटे,

तू म्हण म्हणाली होतीस, म्हणतेय.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मी काय केलं सांगू? उठले, आईच्या घरात इकडून तिकडे काठी न घेता चालले. दुखलं खूप. पण हा पाय माझ्यामुळे गेला नाही, हे पायाला सांगायचं होतं.

मग रात्रभर रडले. पट्ट्यासाठी नाही. त्या सीटवर मी लग्नानंतर रोज बसले, त्यांच्या पाठीला कपाळ टेकून. मला वाटायचं, या गर्दीत सगळ्यात सुरक्षित मीच. त्या वेळी तिथे तू होतीस.

तुझ्यावर राग आहे, पण तो उतरेल. तू निदान सांगितलंस तरी.

एक मागते. मला कळलंय, हे त्यांना सांगू नकोस. ते रविवारी येतात, अर्धा तास बसतात, पाणी पितात, गर्दीचं बोलतात. तोंडात काहीतरी घोळत असतं, ते मला समोरच्या कपाटाच्या आरशात दिसतं. मी वाट बघतेय. ज्या दिवशी ते स्वतः म्हणतील, त्याच दिवशी मी तीन पायऱ्या चढून घरी येईन. तू त्यांना सांगितलंस की मला कळलंय, तर ते सुटतील, आणि मग कधीच म्हणणार नाहीत. मला त्यांना शिक्षा करायची नाही. पण पुढे आयुष्यभर त्यांच्या मागे बसायचं, तर माझ्याशी बोलता येणारा माणूस पुढे हवा ना?

एका बाईने उंच स्टुलावर बसून केस कापायचं काम दिलंय, अर्धा दिवस. बसने जाते.

काल ते दिसले. बस सिग्नलला थांबली होती, मी खिडकीशी. ते खाली, एका ट्रकच्या मागे, रांगेत. दोन्ही आरसे उघडे. शेजारून फटीतून चार-पाच मोटारसायकली पुढे गेल्या. एक जण त्यांना म्हणाला, "काका, झोप लागली का?" त्यांनी मान वळवली नाही. फट मोकळी होती, मला वरून स्वच्छ दिसत होती, पुढपर्यंत. त्यांनी उजव्या आरशात बघितलं, डाव्यात बघितलं. मग उजवा खांदा जरासा मागे केला आणि थांबले.

माझा हात खिडकीच्या गजावर होता. तिथून तो पोचला नसता.

सिग्नल सुटला आणि आधी आमची बस निघाली.

तुझी,
वहिनी